कोहावर विसंबावे का? नोव्हेंबर २०११ मधला पेच

२०११ च्या ऑक्टोबरअखेरीस ठाण्यात, विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात, कोहा या मुक्तस्रोत (कोड कुणालाही पाहता-बदलता येतो अशा) ग्रंथालय-सॉफ्टवेअरची जागतिक परिषद सुरू झाली. त्याआधीच्या परिषदा पॅरिस, टेक्ससमधले प्लॅनो आणि वेलिंग्टन इथे झाल्या होत्या. भारताची ही पहिलीच पाळी. भाषणांनंतर प्रोग्रामर आणि ग्रंथपाल शेजारी शेजारी बसून कोड दुरुस्त करतात, अशी या परिषदेची रीत आहे. महाराष्ट्रातल्या ग्रंथपालांना हे सॉफ्टवेअर लिहिणारी माणसे इतक्या जवळून पाहायची संधी आधी मिळाली नव्हती.

परिषद आटोपून महिना उलटायच्या आत न्यूझीलंडहून बातमी आली. ‘कोहा’ हे नाव व्यापारचिन्ह म्हणून पीटीएफएस-लिबलाइम या अमेरिकी कंपनीच्या नावे तिथल्या कार्यालयाने तात्पुरते मान्य केले होते. ज्या छोट्या ग्रंथालयाने हे सॉफ्टवेअर जन्माला घातले, त्यालाच आता ते नाव वापरण्यासाठी वकील गाठावा लागणार होता.

या महिन्यात महाराष्ट्रातल्या एखाद्या अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालय समितीपुढे ‘कोहा घ्यावे का’ हा विषय असता, तर सदस्यांनी काय पाहून ठरवायला हवे होते? एकीकडे ठाण्याच्या परिषदेचा उत्साह, दुसरीकडे नावाचाच वाद. शेजारी पर्याय होते: विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी काम करणाऱ्या इन्फ्लिबनेट केंद्राचे सोल, केंद्र सरकारच्या एनआयसीचे ई-ग्रंथालय, पुण्याचे स्लिम, हैदराबादचे न्यूजेनलिब. त्यातले न्यूजेनलिब २००८ पासून मुक्तस्रोतही झाले होते. सॉफ्टवेअर मुक्तस्रोत असले की ते पक्के असतेच असे नाही, आणि कच्चे असते असेही नाही. पक्केपणा कशावरून ओळखायचा, हा या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

गरज वापरणाऱ्याची, पैसाही वापरणाऱ्याचा

कोहाची सुरुवात १९९९ ची. न्यूझीलंडमधल्या लेव्हिन गावाभोवतीच्या होरोव्हेनुआ जिल्ह्यात सार्वजनिक ग्रंथालये चालवणारा एक विश्वस्त न्यास होता. त्यांची जुनी संगणक प्रणाली २००० साल उजाडताच कोलमडणार होती. बाजारातल्या प्रणाली महाग होत्या आणि शाखांना जोडण्यासाठी त्यांना महागड्या जोडण्या लागत. न्यासाने वेलिंग्टनच्या कॅटिपो कम्युनिकेशन्सला नवी प्रणाली लिहायला सांगितली. अट अशी, की शाखांचे काम साध्या टेलिफोन लाइनवर चालले पाहिजे. म्हणून वाचकांसाठी वेबपान आणि देवघेवीसाठी काळ्या पडद्यावरचा अक्षरी इंटरफेस अशी जोडी तयार झाली. जानेवारी २००० मध्ये ती चालू झाली आणि त्याच वर्षी जीपीएल या मुक्तस्रोत परवान्याखाली सर्वांसाठी खुली झाली.

त्या पहिल्या कोहात मार्क, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींचा संगणकीय प्रमाण साचा, नव्हते. होरोव्हेनुआला त्याची गरज नव्हती. अमेरिकेतल्या ग्रंथालयांचे मात्र मार्क नोंदींशिवाय पानही हलत नाही. ओहायोतल्या नेल्सनव्हिल सार्वजनिक ग्रंथालयाने कोहा निवडले ते ही उणीव ठाऊक असताना, आणि ती भरून काढण्यासाठी स्वतः पैसे दिले. पुढे मोठ्या तालिकेत (पुस्तकांच्या सूचीत) शोध मंदावतो हे दिसल्यावर पेनसिल्वेनियातल्या क्रॉफर्ड काउंटीच्या ग्रंथालयसमूहाने झेब्रा हे शोधयंत्र कोहाला जोडून घेतले, तेही स्वतःच्या खर्चाने. फ्रान्समध्ये पॉल पुलां या प्रोग्रामरने अनेक भाषांची सोय रुजवली.

मूल्यमापन करणाऱ्याच्या हाती पहिला ठोस पुरावा इथे लागतो. ज्याला अडले त्याने नुसती तक्रार केली नाही, दुरुस्तीचा खर्च उचलला, आणि ती दुरुस्ती सगळ्यांच्या आवृत्तीत गेली. बंद सॉफ्टवेअरमध्येही ग्राहक पैसे देऊन सुधारणा करून घेतो, पण ती त्याच्यापुरती राहू शकते. नेल्सनव्हिलच्या पैशातून आलेले मार्क आज सांगलीतल्या महाविद्यालयालाही फुकट मिळते. वापरणाऱ्याचे म्हणणे आणि सॉफ्टवेअरमधला बदल यांच्यातला दुवा इतका स्पष्ट असेल, तर तो प्रकल्प नुसत्या हौशीवर चाललेला नाही हे मी बिनदिक्कत म्हणेन.

किती जण वापरतात, हा अवघड प्रश्न

त्या काळी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची परिपक्वता मोजणाऱ्या तयार पद्धती होत्या. आटोस ओरिजिन या कंपनीची क्यूएसओएस ही पद्धत २००४ ची. ती प्रत्येक निकषाला शून्य ते दोन गुण देते. २००५ च्या ‘बिझनेस रेडिनेस रेटिंग’मध्ये कार्यक्षमता, सुरक्षितता, दस्तऐवज, समुदाय वगैरे बारा विभाग होते आणि ‘स्वीकार’ हा त्यातला एक. स्वीकार मोजण्याचा तिथला एक मापदंड असा, की त्या सॉफ्टवेअरवर ॲमेझॉनवर किती पुस्तके मिळतात. वेब सर्व्हर किंवा डेटाबेस तोलताना यातून काही कळेल. ग्रंथालय-सॉफ्टवेअरच्या बाबतीत हा मापदंड आंधळा आहे, कारण ते वापरणारा वर्गच छोटा आणि पुस्तके लिहिणारा त्याहून छोटा.

डाउनलोडचे आकडेही फसवे. एखादे महाविद्यालय पहिल्या तीन प्रयत्नांत जमले नाही म्हणून चौथ्यांदा डाउनलोड करते. आकड्यात ते चार दिसते. उलट एखादी सेवाकंपनी एकच प्रत उतरवून पन्नास ग्रंथालये चालवते. आकड्यात ती एक दिसते. अमेरिकेचे मार्शल ब्रीडिंग जगभरातल्या ग्रंथालयांची आणि त्यांच्या प्रणालींची निर्देशिका चालवतात. तो आधार त्यातल्या त्यात भक्कम, पण त्यात स्वतःची नोंद करण्याची सवय आपल्याकडच्या ग्रंथालयांना फारशी नाही. म्हणजे भारताचा आकडा तिथेही कमीच दिसणार.

मला वाटते, ‘किती जण’ हे विचारण्याआधी ‘वापर’ कशाला म्हणायचे ते ठरवायला हवे. कोहा चढवले, एवढ्याने तो वापर होत नाही. चढवून हजारभर पुस्तकांची नोंद केली आणि देवघेव मात्र जुन्या रजिस्टरवरच चालू, अशी ग्रंथालये पाहायला मिळतात. दुसरी पायरी म्हणजे रोजची देवघेव बारकोडवर चालणे, सदस्याच्या खात्यावर दंड चढणे, वर्षअखेरची पडताळणी त्यातूनच होणे. तिसरी पायरी मला सर्वांत बोलकी वाटते: आवृत्ती बदलणे. जे ग्रंथालय एकदा बसवलेल्या आवृत्तीवरच वर्षानुवर्षे थांबले आहे, ते कोहाचे वापरकर्ते आहे, पण कोहाच्या आजच्या अवस्थेबद्दल त्याचे मत काही सांगत नाही. त्याची तक्रार पाच वर्षांपूर्वी सुटलेली असू शकते.

महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या काही वर्षांपूर्वीच्या नमुन्यात ग्रंथालयाच्या संगणकीकरणाबद्दल प्रणालीचे नाव, ते पूर्ण की अंशतः, आवृत्ती आणि संगणकीकरणाचे वर्ष असे विचारत. आवृत्तीचा तो रकाना अनेकांना किरकोळ वाटे. मला त्यातच सर्वाधिक माहिती दिसते. संगणकीकरणाचे वर्ष जुने आणि आवृत्ती ताजी, असे भरलेले दहा अर्ज एका विद्यापीठक्षेत्रात सापडले, तर त्या भागात कोहा खऱ्या अर्थाने रुजले म्हणता येईल. वर्ष आणि आवृत्ती दोन्ही एकाच काळातली असतील, तर बसवणारा माणूस निघून गेला आणि प्रणाली तिथेच थिजली, असा संशय घ्यायला जागा आहे.

तक्रार कुठवर जाते

आता २०११ च्या नोव्हेंबरकडे परत येऊ. स्वीकाराचे आकडे धूसर असताना समितीला दुसरी वाट होती, आणि ती उघडी होती. कोहाची तक्रारवही, म्हणजे बगझिला, कुणालाही वाचता येते. त्यात प्रत्येक तक्रारीला क्रमांक, तारीख, तीव्रता आणि स्थिती असते.

त्या वहीतला प्रवास असा चालतो. कुणीतरी दोष नोंदवतो. कुणीतरी दुरुस्ती लिहितो आणि तिच्यासोबत तपासणीच्या पायऱ्या देतो: अमुक सेटिंग चालू करा, तमुक सदस्याला पुस्तक द्या, परतीची तारीख उलटू द्या, आता दंड काय दिसतो ते पाहा. दुरुस्ती लिहिणाऱ्याची स्वतःची ग्वाही धरत नाहीत. दुसऱ्या माणसाने त्या पायऱ्या करून आपल्या नावाने सही द्यावी लागते. मग गुणवत्ता तपासणाऱ्यांची फेरी होते आणि शेवटी त्या आवृत्तीचा व्यवस्थापक ती मुख्य कोडमध्ये घेतो. २०११ मध्ये ही शिस्त नुकतीच अंगवळणी पडत होती.

यात मूल्यमापनासाठी फार मोलाची गोष्ट दडलेली आहे. सह्या कुणाच्या आहेत हे मोजता येते. सगळ्या सह्या एकाच कंपनीतल्या माणसांच्या असतील तर ‘समुदाय’ हा शब्द कागदावरच राहिला. न्यूझीलंडच्या माणसाने लिहिलेल्या दुरुस्तीवर फ्रान्समधल्या ग्रंथालयाची आणि अमेरिकेतल्या तिसऱ्याच संस्थेची सही असेल, तर त्या ओळी तीन वेगवेगळ्या गरजांतून तपासून निघाल्या आहेत. आवृत्तीसोबत येणाऱ्या टिपणात लिहिणाऱ्यांची, सही करणाऱ्यांची आणि पैसे देणाऱ्या ग्रंथालयांची नावे छापलेली असतात. समितीने तास-दोन तास काढून ती टिपणे चाळली असती, तरी बरेच काही हाती लागले असते.

तेव्हाची एक खरी उणीवही सांगायला हवी. दुरुस्ती तपासून पाहायची तर गिट (कोडमधले बदल सांभाळणारे साधन) आणि लिनक्सची आज्ञावली यायला हवी होती. देवघेवीतली चूक काउंटरवर बसणाऱ्या सहायकालाच सर्वांत लवकर कळते, आणि सही करण्याच्या वाटेत नेमका तोच अडत होता. पुढे फ्रान्सच्या बिबलिब्र या कोहा-सेवाकंपनीने ‘सँडबॉक्स’ची सोय केली. ब्राउझरमधून तक्रारीचा क्रमांक टाकायचा, दुरुस्ती चढवलेले चालू कोहा समोर येते, तपासायचे आणि तिथूनच सही द्यायची. कोहाच्या परिपक्वतेतली ही पायरी मला नव्या सुविधांपेक्षा मोठी वाटते, कारण इथे वापरणाऱ्याचे मत प्रत्यक्ष उत्पादनप्रक्रियेचा भाग झाले.

वापरणाऱ्यांचे म्हणणे साठत गेले की सॉफ्टवेअरचे रूप कसे बदलते, हे पाहायचे तर कोहाच्या ‘सिस्टम प्रेफरन्सेस’ उघडाव्यात. त्या शेकड्यांनी आहेत. दंड मोजताना सुट्टीचे दिवस धरायचे की वगळायचे, हे त्यातले एक सेटिंग. दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथालय बंद असताना विद्यार्थ्यावर दंड चढावा का? एक ग्रंथालय म्हणते चढावा, कारण पुस्तक त्याने आधीच परत करायला हवे होते. दुसरे म्हणते दार बंद असताना दंड कसला. दोघांचेही बरोबर, म्हणून सेटिंग. शाखा अनेक असतील तर नियम कुणाचा लावायचा, पुस्तक ज्या शाखेचे तिचा की सदस्य ज्या शाखेचा तिचा? पुन्हा सेटिंग. प्रत्येक सेटिंगमागे कुठल्यातरी दोन ग्रंथालयांचा मतभेद उभा आहे.

हे परिपक्वतेचे लक्षण आहे आणि ओझेही. नव्या ग्रंथपालाला ती यादी पाहून घाम फुटतो. पन्नास वर्षांच्या पद्धती सांभाळणाऱ्या ग्रंथालयाला जे वरदान, ते दोन हजार पुस्तकांच्या शाळेला अडचण. प्रतिसाद ऐकत गेलेले सॉफ्टवेअर सोपे होतेच असे नाही. पुष्कळदा ते समर्थ आणि अवघड होते. समितीने स्वतःला विचारायला हवे होते, की आपल्याकडे ही सेटिंगे समजून घेणारा निदान एक माणूस आहे का, आणि तो सुट्टीवर गेला तर दुसरा आहे का.

समाधानाचे गुण, आणि ते कुणाला मिळाले

मार्शल ब्रीडिंग यांनी २००७ पासून दरवर्षी ग्रंथालयांची पाहणी सुरू केली होती. प्रणालीबद्दल समाधान किती, सुविधा पुरेशा आहेत का, मदत वेळेवर मिळते का, पुन्हा याच कंपनीकडे जाल का, असे प्रश्न. उत्तर शून्य ते नऊ गुणांत. प्रणाली बदलण्याचा विचार आहे का, हेही विचारले जाते. म्हणजे २०११ च्या समितीपुढे काही वर्षांची उत्तरे तयार होती.

या पाहणीतली सर्वांत शहाणी गोष्ट म्हणजे कोहाचे गुण एकगठ्ठा न दाखवता कोणत्या सेवाकंपनीमार्फत ते घेतले त्यानुसार वेगळे दाखवणे. कोड तोच, पण गुण वेगवेगळे. अमेरिकेतल्या बायवॉटर सोल्युशन्सच्या ग्राहकांनी वर्षानुवर्षे चांगले गुण दिले. इतर वाटांनी कोहा घेणाऱ्यांचे गुण वर-खाली होत राहिले. याचा अर्थ ग्रंथपाल ज्याला ‘कोहा चांगले आहे’ किंवा ‘कोहा बेकार आहे’ म्हणतो, त्यात बराच वाटा आधार देणाऱ्या माणसाचा असतो. शेजारच्या महाविद्यालयात जाऊन ‘कसे वाटते?’ असे विचारणे हा आपल्याकडचा सर्वमान्य मार्ग आहे. तो चुकीचा नाही. फक्त त्याच दमात विचारावे: बसवून कुणी दिले, बिघडले की फोन कुणाला लावता, शेवटचा फोन कधी लावला आणि उत्तर किती दिवसांत आले. या उत्तरांतून सॉफ्टवेअरबद्दलचे मत आणि सेवेबद्दलचे मत वेगळे करता येते.

आणखी एक सावधगिरी. अशा पाहण्यांना उत्तर देणारे बहुधा सुस्थितीतले असतात किंवा संतापलेले. मधले गप्प बसतात. म्हणून सरासरी गुणांपेक्षा ‘बदलण्याचा विचार आहे का’ या प्रश्नाची उत्तरे मला अधिक विश्वासाची वाटतात. कुठलेही ग्रंथालय हजारो नोंदींचे स्थलांतर हौस म्हणून करत नाही.

घर सोडले, संसार उचलला

आता त्या वादाकडे. नेल्सनव्हिलमध्ये काम केलेल्या मंडळींतून २००५ मध्ये लिबलाइम ही कंपनी उभी राहिली. कोहाला अमेरिकेत पसरवण्याचे पुष्कळ श्रेय तिला जाते. २००७ मध्ये तिने कॅटिपोचा कोहा-व्यवसाय विकत घेतला आणि प्रकल्पाचे मूळ संकेतस्थळही तिच्या हाती आले. २००९ मध्ये तिने आपल्या ग्राहकांसाठी कोहाची वेगळी आवृत्ती जाहीर केली आणि त्या कोडचा विकास खुल्या भांडारात न ठेवता आपल्याकडे ठेवला. समुदायात मोठी अस्वस्थता पसरली. २०१० मध्ये पीटीएफएसने लिबलाइम विकत घेतली. पेच सुटला नाही.

मग समुदायाने जे केले ते या प्रकरणाचा कणा आहे. सगळ्यांनी मिळून ठरवले आणि प्रकल्पाचे संकेतस्थळ, कोडचे भांडार, तक्रारवही हे सारे नव्या पत्त्यावर हलवले. मालमत्ता सांभाळण्यासाठी होरोव्हेनुआच्या त्याच छोट्या न्यासाला विश्वस्त नेमले. कोड जीपीएलखाली असल्यामुळे तो कुणाला अडवता येत नव्हता. पण कोड नेणे सोपे आहे. माणसे, सवयी, तक्रारींचा इतिहास आणि आवृत्त्यांचे वेळापत्रक नेणे कठीण.

ते नेले गेले का, याचे उत्तर चार तारखांत आहे. कोहा ३.० आले ऑगस्ट २००८ मध्ये. ३.२ यायला ऑक्टोबर २०१० उजाडले. मधली दोन वर्षे वादाची. त्यानंतर ३.४ एप्रिल २०११ मध्ये आणि ३.६ ऑक्टोबर २०११ मध्ये, ठाण्याच्या परिषदेच्या तोंडावर. म्हणजे कंपनीपासून विलग झाल्यावर प्रकल्प मंदावला नाही, दर सहा महिन्यांच्या तालावर आला. आणि ३.४ ही काही वरवरची आवृत्ती नव्हती. पानांचे साचे ज्या यंत्रणेवर चालत ती पूर्ण बदलली होती, प्रतींची माहिती मार्क नोंदीतून बाहेर काढली होती. इतके खोल बदल करून सहा महिन्यांत पुढची आवृत्ती देता येते, याचा अर्थ हात पुरेसे होते आणि चुका कळवणारेही पुरेसे होते. याच सुमाराला लिनक्सच्या डेबियन या प्रकारासाठी तयार पॅकेजेस आली आणि कोहा ज्या भाषेत लिहिले आहे त्या पर्लची डझनावारी मॉड्यूल्स एकेक करून बसवण्याचा जाच संपला.

म्हणून व्यापारचिन्हाची बातमी आली तेव्हा समितीने घाबरून माघार घ्यायची गरज नव्हती. बातमीत धोका होता तो नावाला. संकेतस्थळ एकदा जाऊनही न डगमगलेला प्रकल्प नाव गेल्यानेही मोडला नसता. न्यासाने मदतीचे आवाहन केले, जगभरातून हात पुढे आले, आणि न्यासासह वेलिंग्टनच्या कॅटॅलिस्ट या कंपनीने हरकत लढवली. डिसेंबर २०१३ मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. पण हा निकाल २०११ मध्ये कुणाला ठाऊक नव्हता आणि निर्णयासाठी तो ठाऊक असण्याची आवश्यकताही नव्हती. त्या चार तारखा पुरेशा होत्या.

माझा निवाडा

नोव्हेंबर २०११ मधल्या कोहाला मी पुस्तकांच्या नोंदी, देवघेव आणि वेबवरची तालिका या तीन कामांसाठी परिपक्व म्हणेन. खरेदी आणि नियतकालिके या विभागांबद्दल तितक्या ठामपणे बोलणार नाही. आपल्या महाविद्यालयांची खरेदीची पद्धत, तीन कोटेशने आणि अनुदानाचे वेगवेगळे शीर्ष हे त्या रचनेत सहज बसत नाही. आणि मराठीसाठी? तिथे ‘होय, पण’ असे उत्तर आहे, आणि त्या ‘पण’वर थोडे थांबायला हवे.

पुढच्या वर्षांत स्वीकाराचा पुरावा भक्कम होत गेला. तुर्कस्तानच्या संस्कृती मंत्रालयाने देशातली अकराशेहून अधिक सार्वजनिक ग्रंथालये कोहावर आणली. कोहात ‘हेआ’ नावाची सोय आली: ग्रंथालयाने स्वेच्छेने परवानगी दिली तर त्याचा देश, प्रकार, नोंदींची संख्या आणि कोणती सेटिंगे चालू आहेत ही माहिती प्रकल्पाकडे जाते. नाव न कळवताही भाग घेता येतो. यामुळे पहिल्यांदाच ‘किती जण वापरतात’ याच्याबरोबर ‘काय वापरतात’ हेही कळू लागले. ज्या सेटिंगला कुणीच हात लावत नाही ते काढून टाकायचा विचार करता येतो. जे सगळे बदलतात त्याचे मूळ मूल्यच चुकले आहे हे दिसते. आपल्याकडच्या ग्रंथालयांनी ही परवानगी द्यावी, असे मी भेटेल त्याला सांगत असतो. आपली संख्या तिथे दिसली नाही, तर आपल्या गरजाही दिसणार नाहीत.

आता मराठी. झेब्रा शोधयंत्राची साधी मांडणी लॅटिन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली आहे. देवनागरी तालिकेसाठी ते आयसीयू या बहुलिपी युनिकोड-संचाच्या नियमांवर चालवावे लागते. ज्याने बसवताना हे केले नाही, त्याच्या तालिकेत मराठी पुस्तके असतात पण शोधात नीट सापडत नाहीत, आणि ग्रंथपाल म्हणतो ‘कोहात मराठी चालत नाही’. हा दोष परिपक्वतेचा की बसवणीचा? माझ्या मते दोन्हींचा. सेटिंग उपलब्ध आहे, पण नवख्याला ते सापडत नाही.

आयसीयू चालू केल्यावरही एक गाठ उरते. ‘ॲड.’ किंवा ‘ॲनिमल’ लिहिताना काही कळफलक ‘ॲ’ हे एकच सांकेतिक चिन्ह टाकतात, तर काही ‘अ’, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे जोडचिन्ह आणि त्यापुढे चंद्र. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. ‘दर्‍या’ आणि ‘दऱ्या’ यांचेही तेच, अर्धा र दोन वाटांनी टंकता येतो. एका सहायकाने एका कळफलकावर नोंद केली आणि विद्यार्थ्याने मोबाइलवर दुसऱ्या पद्धतीने टंकले, की पुस्तक कपाटात असून शोधात शून्य. आयसीयूच्या नियमफाइलीत भर घालून ही रूपे एक करता येतात. पण प्रत्येक ग्रंथालयाने आपापल्या सर्व्हरवर ही मलमपट्टी करत बसावे, हे योग्य नाही.

म्हणून आज कोहा तपासणाऱ्या महाराष्ट्रातल्या किंवा गोव्यातल्या कोणत्याही समितीने हीच चाचणी घ्यावी. दोन नोंदी करा, एकाच शब्दाची दोन टंकनरूपे वापरून. दोन्ही बाजूंनी शोधा. निकाल बरोबर आला नाही तर बगझिलात खाते उघडून तक्रार नोंदवा: कोहाची आवृत्ती, शोधयंत्र झेब्रा की इलॅस्टिकसर्च, आयसीयू चालू आहे का, दोन्ही मार्क नोंदी जोडलेल्या, आणि अपेक्षित निकाल काय हे एका वाक्यात. इंग्रजी मोडकेतोडके असले तरी चालते. तक्रारीचा क्रमांक निर्णयाच्या फाइलीला जोडा आणि पुढच्या सहामाही आवृत्तीपर्यंत तिच्यावर काय घडते ते पाहा. कुणी प्रश्न विचारला का, कुणी दुसऱ्या लिपीतला असाच अनुभव जोडला का, कुणी दुरुस्ती लिहिली का. विक्रेत्याच्या सादरीकरणात न मिळणारे उत्तर त्या एका नोंदीखाली जमा होत जाईल. आणि दुरुस्ती आलीच, तर सँडबॉक्समध्ये तपासून तिच्यावर सही देणारा ग्रंथपाल मराठी वाचणारा असायला हवा. ‘दऱ्या’ बरोबर सापडते की नाही हे दुसऱ्या कुणाला कळणार नाही.